हेस्टर पिलिंग, स्पिनस्टर

एकोणीसशे सत्तावन्नच्या हिवाळ्यात आमच्या थॉर्नक्लफ गावच्या वाचनालयात दर मंगळवारी संध्याकाळी एक वर्ग भरू लागला. सूतगिरणीतून सुटलेल्या माणसांनी यावं, चार गोष्टी शिकाव्यात, असा त्यामागचा हेतू. हेस्टर आत्या मात्र तिथल्या शेगडीसाठी गेली. निदान ती शेवटपर्यंत तसंच सांगत राहिली. "घरचा कोळसा कशाला जाळायचा? त्यांचा जळू दे," म्हणाली, आणि मला दंडाला धरून घेऊन गेली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मंगळवारी सिनेमाला जायचं सोडून शब्द शिकायला जायचं, म्हणजे शिक्षाच. पण आत्यापुढे माझं काही चालत नसे. आई मी लहान असतानाच गेली, बाबा युद्धावरून परत आले नाहीत, आणि तेव्हापासून मी तिच्या घरी, तिच्या शब्दाबाहेर नाही. गिरणीतसुद्धा तिच्याच शेजारच्या साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, मला लावलं होतं. ती सूतखात्यात तेराव्या वर्षी लागली होती. सूत गुंडाळणाऱ्या चात्यांच्या त्या लांबच लांब रांगेत कुठे धागा तुटला हे तिला डोळ्यांआधी कानांना कळायचं. मी धावत जाईपर्यंत तिनं तो चिमटीत धरून जोडलेला असायचा.

वर्ग घेणारी मिस प्राइस वेल्समधून आलेली, पंचविशीची मुलगी. साधं 'बसा' म्हणाली तरी गाणं म्हणतेय असं वाटायचं. ती आम्हाला शब्दांची शेपटं शिकवायची.

"डोकं झाका आणि शेपूट बघा," ती म्हणायची. "प्राणी कुठल्या कळपातला ते कळेल."

एका मंगळवारी 'हूड'. चाइल्डहूड म्हणजे लहानपण, नेबरहूड म्हणजे शेजार. पुढच्या मंगळवारी 'डम'. किंगडम, फ्रीडम. मग 'लेस', म्हणजे नसणं. त्यावर म्हातारा एमस ऑग्डन, आमचा चांभार, तोंड उघडून म्हणाला, "टूथलेस! ह्याचा अर्थ सांगायला नको, बघून घ्या." आत्या हसली नाही, पण घरी येताना वाटेत दोनदा आठवून हसली.

शिकणाऱ्यांत बाहेरगावचा एकच माणूस होता, विल्फ वेब्स्टर, बसचा ड्रायव्हर. मूळचा फ्लीटवुडचा, समुद्रकाठचा. बायको वारल्यावर बदली मागून आमच्या डोंगरात आला, कारण तिकडच्या गल्लीगल्लीत त्याला ती दिसायची. अंगानं आडवा, गाल लालबुंद, आणि आवाज असा की हळू बोलला तरी पुस्तकं हलायची.

तर एका मंगळवारी मिस प्राइसनं फळ्यावर नुसतं 'स्टर' लिहिलं.

"सांगा बघू."

"गँगस्टर!" विल्फ ओरडला. तो दर शनिवारी सिनेमा बघायचा.

"यंगस्टर," मी म्हणाले.

"ट्रिकस्टर," एमस म्हणाला. "म्हणजे लोकांना टोप्या घालणारा. उदाहरणार्थ माझा मेव्हणा. आणि मॉन्स्टर म्हणजे त्याची बायको."

"मॉन्स्टर नाही चालणार," मिस प्राइस हसत म्हणाली. "शेपूट सारखं दिसलं म्हणजे कळप एकच, असं नसतं. सिस्टर नाही, मास्टर नाही."

"लॉब्स्टर?" विल्फनं विचारलं. समुद्रकाठचा माणूस, त्याला शेवंडच आठवणार.

"लॉब्स्टरवरून पंडितांची अजून भांडणं चालू आहेत. त्यांना भांडू द्या."

"मग आमची हेस्टर?" एमसनं आत्याकडे बोट केलं.

"ते नाव फार दुरून आलंय, पार पूर्वेकडून. ह्या घरातलं नाही."

"वाचलीस गं, हेस्टर."

"तू वाचशील का ते बघ," आत्या म्हणाली.

मिस प्राइसनं खडू झटकला. "आता खरी गंमत ऐका. हजार वर्षांपूर्वी हे शेपूट बायकांचं होतं. बिअर बनवणारा पुरुष तो ब्रूअर, बनवणारी बाई ती ब्रूस्टर. पाव भाजणारा बेकर, भाजणारी बॅक्स्टर. कापड विणणारा वीव्हर, आणि विणणारी..." ती थांबली. तिनं विल्फकडे पाहिलं आणि तिलाच हसू आवरेना. "वेब्स्टर."

एमसनं टोपी काढून विल्फला मुजरा केला. "माफ करा, बाईसाहेब. इतके दिवस तुमच्या बसमध्ये बसतोय, ओळखलं नाही."

सगळा वर्ग खिदळला. विल्फचे गाल आधीच लाल, आता कानही झाले. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण इतक्या मोठ्या माणसाला वाईट वाटू शकतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"आणि सूत कातणारा तो स्पिनर," मिस प्राइस पुढे म्हणाली, "मग सूत कातणारी?"

सगळ्यांना कळलं होतं, म्हणूनच कुणी बोलेना. शेवटी आत्याच बोलली.

"स्पिनस्टर."

"बरोबर. आज आपण वय उलटलेल्या, लग्न न झालेल्या बाईला तसं म्हणतो. पण ते मुळात कामाचं नाव. एकट्या बायका बऱ्याचदा सूत कातून स्वतःचं पोट भरायच्या, म्हणून कामाचं नाव हळूहळू त्यांच्या एकटेपणाला चिकटलं."

आत्या पुढे वाकली. वर्गात तिनं कधी प्रश्न विचारला नव्हता. "म्हणजे तेव्हा लग्न झालेली बाईसुद्धा स्पिनस्टर असू शकायची?"

"सूत काढत असेल तर, हो."

"आणि लग्न न झालेली, पण काडी इकडची तिकडे न करणारी?"

"ती नाही."

"अस्सं," आत्या म्हणाली आणि पुन्हा मागे टेकून बसली.

त्या 'अस्सं'मागे काय होतं, ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात तो शब्द म्यूरिएल काकूनं आणला. काकू म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची बायको. भावंडांना आत्यानंच वाढवलं, कारण त्यांची आई लवकर गेली. आधी भावंडं, मग आजारी वडील, मग मी. लग्नाचं वय कधी दारावरून गेलं, ते आम्हा सगळ्यांचे कपडे धुताना तिला समजलंही नसेल. एका नाताळाला काकूनं आपल्या शेजारणीला ओळख करून दिली, "ह्या आमच्या हेस्टर. स्पिनस्टर आहेत बिचाऱ्या." आत्या तेव्हा सगळ्यांच्या ताटात बटाटे वाढत होती. तिनं शेजारणीला बटाटे वाढले, काकूला वाढले, आणि स्वतः काही न खाता भांडी घासायला उठली. घोडनवरी म्हटलं असतं तर तिनं उलटून चार शब्द सुनावले असते. पण 'बिचारी'वर काय बोलणार?

त्या मंगळवारी घरी येताना रस्त्यावर बर्फ गोठला होता. आम्ही एकमेकींना धरून चाललो होतो. ती मधेच थांबली आणि म्हणाली, "आयव्ही, मी बिचारी नाही गं. मी कारागीर आहे."

"मला माहीत आहे, आत्या."

"तुला काय माहीत? मलाच आत्ता कळलं."

विल्फचं मात्र उलटं झालं. एमसनं ती गोष्ट गावभर केली. बसडेपोत पोरांनी विल्फच्या आरशावर लिपस्टिक फासली, त्याच्या खुंटीवर कुणीतरी झालरीचा एप्रन अडकवला. पुढच्या मंगळवारी तो वर्गाला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग एका सकाळी गिरणीच्या थांब्यावर बस उभी असताना आत्या सरळ पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केली. त्या काळच्या बसमध्ये ड्रायव्हर पुढे एकटाच, काचेच्या खोपटात बसायचा. तिकिटं फाडायला आणि घंटी वाजवायला मागे बेरिल असायची.

विल्फनं काच सरकवली. "काय झालं, मिस पिलिंग?"

"वर्गाला का येत नाही तुम्ही?"

"काय यायचं? सगळं गाव मला बाई म्हणतंय."

"म्हणू दे की. तुमच्या घराण्यात कधीतरी एक बाई होऊन गेली, मिस्टर वेब्स्टर. अशी विणायची की तिच्या मुलांना, नातवांना लोक तिच्याच नावानं ओळखायला लागले. राजाच्या बायकांना जमलं नाही ते. आणि तुम्ही लाजताय?"

विल्फ तिच्याकडे बघत राहिला. बेरिलनं घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, मग मागून ओरडली, "विल्फ, मेलास की काय?"

मंगळवारी तो आला. नवीन टाय घालून. आणि आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला, शेगडीपासून लांब होती तरी.

त्यानंतरचा वसंत मला बसच्या खिडकीतून आठवतो. आमच्या सूतखात्यात आवाज इतका असायचा की कान असून नसल्यासारखे. म्हणून गिरणीतल्या बायका ओठांनी बोलायच्या. तोंड मोठं करायचं, शब्द नीट घडवायचा, आवाज काढायचाच नाही. दोन साच्यांपलीकडची बाई तुमच्या सासूची तक्रार स्पष्ट 'ऐकायची'. सवयच अशी लागली होती की रस्त्याच्या ह्या बाजूहून त्या बाजूलाही आम्ही तशाच बोलायचो. विल्फ काचेआडून हे बघायचा. आत्या थांब्यावरून मला काहीतरी सांगायची, मी बसमध्ये हसायचे, आणि त्याला वाटायचं आपल्याबद्दलच. बऱ्याचदा त्याच्याबद्दलच असायचं.

एकदा त्यानं मला डेपोजवळ गाठलं. "आयव्ही, तुमची ती ओठांची बोली मला शिकव."

"कशाला?"

"असंच. माझं अर्धं आयुष्य काचेआड चाललंय. उपयोगी पडेल."

मी शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या टपरीमागे. अवघड काम! त्याचं तोंड म्हणजे पाण्याबाहेर काढलेला कॉड मासा, आणि आवाज आत ठेवायचा तर त्याचा जीव गुदमरायचा. 'आज थंडी आहे' एवढं म्हणायला त्याला दोन आठवडे लागले. पुढचं वाक्य तो मला सांगेना. "ते माझं मी करीन," म्हणाला.

सप्टेंबरातला शुक्रवार होता. भोंगा झाला, गिरणी सुटली, आणि थांब्यावर नेहमीसारखी बायकांची झुंबड. केसांत कापसाचे कण, हातात चहाचे रिकामे डबे. आत्या रांगेत सगळ्यांत पुढे. बस आली, थांबली. विल्फनं टोपी काढून मांडीवर ठेवली, काचेतून आत्याकडे तोंड वळवलं आणि ओठ हलवायला लागला.

आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या. तिनं ओठांनीच विचारलं, "मासे? कुठले मासे?"

विल्फनं मान जोरात हलवली. पुन्हा तोंड उघडलं, अगदी डॉक्टरला घसा दाखवावा तसं. मी आत्याच्या मागेच होते. मला पहिल्याच फटक्यात कळलं होतं. माझ्या मागे बेसी होती, तिलाही कळलं होतं. बेसीच्या मागे आणखी चाळीसेक बायका होत्या, आणि त्यांतली प्रत्येक जण ओठ वाचत मोठी झालेली.

शेवटी बेसीला राहवेना. "मासे नाही गं, हेस्टर! लग्न! माझ्याशी लग्न करशील का म्हणतोय तो!"

सगळा थांबा आत्याकडे वळला. बसच्या वरच्या मजल्यावर बसलेला एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "गाडी का थांबलीय?" "गप बसा, आजोबा," बेरिलनं खालून सांगितलं.

आत्याचे गाल विल्फच्या गालांसारखे झाले होते. पण ओठ तिनं अगदी शांतपणे हलवले, एकेक शब्द सुटा. विल्फला ते वाचता आलं नाही, म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काचेवर ओरडले, "खाली उतरा आणि माणसासारखं विचारा, म्हणतेय ती!"

विल्फ उतरला. इंजिन तसंच धडधडत होतं. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि आता त्याचा खरा आवाज बाहेर पडला. "हेस्टर, माझ्याशी लग्न कर." वरच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"करीन," आत्या म्हणाली. "आता गाडी सोड. ह्या बायकांना घरी जाऊन रांधायचंय."

ती पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाली होती. हे बेसीनं सोमवारी सगळ्या खात्याला सांगितलं.

घरी आल्यावर आत्या बटाटे सोलत बसली. आम्ही दोघीच, आणि तिनं सहाजणांचे सोलले. मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

"आनंद नाही झाला का, आत्या?"

"झाला. म्हणूनच भीती वाटते." तिनं ओले हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले. "एकटीनं राहायचं मला येतं. त्याची घडी बसलीय. आता घरात दुसऱ्याच्या पावलांची सवय लागणार. एकदा लागली की ती सवय कुणीतरी मोडणारच, मी नाहीतर तो. पोरीबाळींना हे दिसत नाही. मला दिसतं."

"मग नको म्हणणार?"

"वेडी आहेस का? बटाटे उकडायला घाल."

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं मोठ्यानं वाचायचे. कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं. नावापुढे दर्जा लावायचा. पुरुष बॅचलर किंवा विधुर, बाई विधवा किंवा स्पिनस्टर. हे म्यूरिएल काकूच्या लक्षात आधी आलं. ती परस्पर पाद्रीबाबांकडे गेली आणि म्हणाली, ह्या वयात हे असं भर चर्चमध्ये वाचलं तर लोक हसतील, तो शब्द गाळा, नाहीतर सगळं गुपचूप उरकून टाका. काकू वाईट नव्हती. लोक काय म्हणतील, एवढा एकच देव तिला माहीत होता.

पाद्रीबाबा भला माणूस. शनिवारी दुपारी घरी आला, चहा घेतला, आल्याचा केक खाल्ला, आणि फार आडवळणानं विषयावर आला.

"तुम्हाला संकोच वाटत असेल तर, मिस पिलिंग... तो एक शब्द मी जरा भराभर वाचू शकतो."

"तुम्ही आजवर किती मुलींची नावं वाचलीत, बाबा?"

"शेकडो."

"त्यांतल्या बँकेतल्या, दुकानातल्या, घरी बसलेल्या, सगळ्यांना स्पिनस्टर म्हणालात. आता आयुष्यभर सूत काढलेली एक खरी स्पिनस्टर आलीय, तर तुम्ही शब्द गिळणार?" आत्यानं त्याच्या कपात चहा ओतला. "सावकाश वाचा. मागच्या बाकापर्यंत जाऊ दे."

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी त्या दारात पाऊल न टाकणाऱ्या मेथडिस्ट पंथाच्या बायकासुद्धा आल्या होत्या. सगळं सूतखातं, टोप्या घालून, पुढच्या चार बाकांवर. आत्या मधोमध, हनुवटी वर. शेजारी विल्फ, लोखंडासारखा ताठ.

"विल्फ्रेड वेब्स्टर, विधुर," पाद्रीबाबानं वाचलं, "आणि हेस्टर पिलिंग," मग तो थांबला, चष्मा सावरला, आणि सावकाश म्हणाला, "स्पिनस्टर. दोघेही ह्याच गावचे."

मागच्या बाकावर टारगट पोरांचं टोळकं होतं. त्यांच्यातून खी-खी आली. पुढच्या चार बाकांवरच्या बायका एकदम मागे वळल्या. त्यांनी आवाज काढला नाही, चर्च होतं. पण चाळीस तोंडं एकाच वेळी हलायला लागली. ती पोरं ह्याच बायकांची, ओठ वाचायला पाळण्यात शिकलेली. प्रत्येकाला आपली आई काय म्हणतेय ते शब्दन् शब्द कळत होतं. देवाच्या घरात असं काही बोलायचं नसतं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. एका पोरानं तर डोळेच मिटून घेतले. बाकी दोन रविवार चर्चमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

पाद्रीबाबानं विचारलं, कुणाची हरकत? एमस खाकरला. आत्यानं नुसतं वळून पाहिलं. "घसा," तो म्हणाला. "घसा साफ करत होतो."

लग्नाला म्यूरिएल काकू पिसांची टोपी घालून आली आणि सगळ्यांत जास्त रडली. मिस प्राइसनं वेल्श भाषेतलं काहीतरी म्हटलं, अर्थ कुणाला कळला नाही पण सगळ्यांचे डोळे भरून आले. एमसनं जाहीर केलं की कातणारी विणणाऱ्याच्या घरी चालली, आता गावाला कापडाची ददात नाही. विल्फही ह्या वेळी हसला.

लग्नानंतरही आत्या गिरणीत जात होती. विल्फच तिला बसनं सोडायचा. पण दोन वर्षं नीट सरली नसतील, तोच आमच्याकडे सूचना लागली. परदेशातून स्वस्त कापड येऊ लागलं होतं, सूतगिरण्या जास्त झाल्या होत्या, जुने साचे मोडून टाकणाऱ्या मालकांना सरकार भरपाई देणार होतं. साचे विकायचे नव्हते, मोडायचेच होते.

शेवटच्या शुक्रवारी भोंग्याला अर्धा तास होता. बाकीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. आत्यानं ब्रश घेतला आणि आपला साचा झाडायला लागली, दर शुक्रवारी झाडायची तसा. चात्यांमधला कापूस काढला, फडक्यानं पट्ट्या पुसल्या, तेल घातलं.

"आत्या, सोमवारी घण घेऊन माणसं येणार आहेत ह्याच्यावर."

"येऊ देत. म्हणून काय घाणेरडा साचा त्यांच्या हवाली करू?" ती म्हणाली. "सरक, तुझ्या पायाखाली बघ किती कापूस आहे."

सोमवारी आम्ही काहीजणी फाटकाशी उभ्या राहिलो. आतून लोखंडावर लोखंड पडत होतं. गिरणीचा आवाज आम्ही जन्मभर ऐकला होता, पण त्यात एक लय होती, त्यावर गाणी म्हणता यायची. ह्याला लय नव्हती. बेसी रडली. आत्या म्हणाली, "चला, हे ऐकण्यासारखं नाही," आणि आम्हाला घरी नेऊन मटणाचा रस्सा खाऊ घातला.

मला पुढे त्याच वाचनालयात नोकरी लागली. मिस प्राइस लग्न करून वेल्सला परत गेली. मी लग्न केलं नाही. दु:खाची गोष्ट नाही ती, दोनदा मागणी आली आणि दोन्ही वेळा मला पुस्तकांची कपाटं जास्त आवडली. पुढे खूप वर्षांनी सरकारनं लग्नाच्या नोंदींतून 'स्पिनस्टर' हा शब्दच काढून टाकला. बरंच झालं, सगळे म्हणाले. लग्नाच्या मुली खूश झाल्या असतील. मला वाईट वाटलं, आणि का ते कुणाला समजावून सांगता येईना. आता सांगायचं तर आख्खी गिरणी सांगावी लागते, तो आवाज, ते कापसाचे कण, ती गरम तेलाची वासट हवा. ऐकणारा तरुण असेल तर तो घड्याळाकडे बघतो.

गिरणी मोडल्यावर विल्फनं आत्याला विचारलं, फ्लीटवुडला जाऊया का? तिथल्या गल्ल्यांची त्याची भीती गेली होती. आत्या त्याच्याबरोबर गेली. पहिलं वर्ष तिला समुद्र मुळीच आवडला नाही. "सगळंच उघडं," म्हणायची. "भिंत म्हणून नाही कुठे." पण रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिथल्या बायका घराच्या परसात मासेमारीची जाळी विणायच्या, भिंतीतल्या खिळ्याला दोर अडकवून. शेजारणीनं तिला एकदा गाठ दाखवली. महिन्याभरात आत्या शेजारणीच्या पुढे गेली. विल्फ खुर्ची टाकून समोर बसायचा, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि शेजारपाजारच्या चार घरांना फुकटात बातम्या मिळायच्या.

त्यांना तेरा वर्षं मिळाली. एका मार्चमध्ये विल्फला थंडी बाधली आणि आठवड्याच्या आत तो गेला. मी आगगाडीनं आणि पुढे ट्रामनं पोचले तेव्हा आत्या कुणाशी बोलत नव्हती. महिनाभर ती तशीच होती, शेजारणीनं आणून दिलेलं खायची, खिडकीशी बसायची. मी तिला थॉर्नक्लफला चल म्हणाले, नाही म्हणाली. रजा संपल्यावर मी परत आले, आणि ट्राममध्ये मला पहिल्यांदा वाटलं की हिला आता मी एकटी सोडून चाललेय.

उन्हाळ्यात पुन्हा गेले. पुढचं दार वाजवलं, उत्तर नाही. मागच्या गल्लीनं परसात गेले, तर आत्या उन्हात उभी होती. खिळ्याला हिरवट दोराचं भलंमोठं जाळं टांगलेलं, अर्धं तयार. बाही कोपरापर्यंत वर, तोंडात सुतळीचा तुकडा. मला बघून तिनं तो काढला.

"आलीस? धर हे टोक. नाही, तसं नाही, ताणून धर. शुक्रवारी बोट निघायची आहे आणि ह्या लोकांना सगळं आदल्या दिवशी आठवतं."

मी धरलं. वारा जाळ्यातून आरपार जात होता. तिची बोटं भराभर चालली होती, गाठ, ओढ, गाठ, ओढ. हात न थांबवता ती म्हणाली, "भूक लागली असेल तुला. पातेल्याखाली विस्तव आहे, जाऊन बटाटे बघ. मासा मी येऊन तळते, तुला नाही जमायचं."

मी आत गेले. बटाटे शिजत आले होते.